सवाईची यादी: कशी करावी आणि तिच्यावर भांडावं कसं

दिवाळीचा फराळ संपत आला, डब्याच्या तळाशी चिवड्याचा चुरा राहिला, की मी दोनशेपानी वही पिशवीत घालते आणि मिरजेहून कोयना एक्स्प्रेसनं पुण्याला आत्याकडे जाते. सवाईचे कलाकार जाहीर व्हायच्या आत आमची यादी झाली पाहिजे, हा आत्याचा नियम. यादी म्हणजे यंदा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात, पुण्याच्या डिसेंबरातल्या शास्त्रीय संगीताच्या उत्सवात, गायला-वाजवायला कोण बसावं असं आम्हाला वाटतं ती नावं. आत्या त्र्याऐंशी वर्षांची, आतेभाऊ साठीचा, वहिनी, त्यांची सई चोवीस वर्षांची, आणि मी. दोन संध्याकाळी जातात. आवाज चढतात. एकदा वहिनी ताटावरून उठून गेली होती, ते कुमार गंधर्वांवरून.

लोक विचारतात, तुमची यादी आयोजक बघतात का हो? यादी आम्ही आमच्या कानांसाठी करतो. महिनाभर आधी ज्यानं विचार केला, कुणाला का ऐकायचं, कुठला राग, कुठल्या वेळेला, त्याला मंडपात बसल्यावर दुप्पट ऐकू येतं. टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातल्या बहुतेक डिसेंबरांत रजा टाकून इथे आले, त्या अनुभवावरून सांगते. आणि भांडण सगळ्यात जास्त होतं ते ज्येष्ठ कलाकारांवरून, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिणार आहे.

नव्यानं येणाऱ्यांसाठी थोडं मागचं. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ साली गेले. दुसऱ्या वर्षी त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूंच्या स्मृतीसाठी हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवतं. २०११ च्या जानेवारीत भीमसेनजी गेले आणि उत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकरा वर्षांची होते. पेठेतल्या शाळेचं मैदान, रात्रभर गाणं, सतरंजीवर आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपलेली. पहाटे तिनं मला हलवलं. ‘ऊठ गं, अण्णा बसले.’ अण्णा म्हणजे भीमसेनजी. ते काय गायले ते मला आठवत नाही. त्यांनी षड्ज, म्हणजे सा, लावला तेव्हा आजूबाजूच्या शाली आणि घोंगड्या हलायला लागल्या, झोपलेली माणसं एकेक करून उठून बसली, ते मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

आता वही.

पान आडवं धरा आणि पाच रकाने आखा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात, त्यांना शेवटचं प्रत्यक्ष कधी ऐकलं ते साल. रेकॉर्डिंग धरायचं नाही, समोर बसून ऐकलेलंच धरायचं. तिसऱ्यात कुठला राग हवा. चौथ्यात दिवसाची कुठली वेळ. पाचव्यात ‘का’, एका ओळीत. या पाचव्या रकान्यात ‘महान’, ‘दिग्गज’, ‘थोर’ हे शब्द आमच्याकडे चालत नाहीत. ते कुणालाही लागू पडतात. ‘विलंबितात सम येईपर्यंत श्वास रोखायला लावतात’ (विलंबित म्हणजे संथ लय, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा) असं लिहिलं की ते एकाच माणसाचं वर्णन होतं, आणि मग त्याच्यावर बोलता येतं.

दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या वहीत कितीतरी वर्षं मालिनी राजूरकरांचं नाव होतं. त्यांचा टप्पा, तो चपळ तानांचा गानप्रकार, मी कॅसेटवर झिजेपर्यंत ऐकला होता. एकेका शब्दावर ती बारीक, वळणदार, खटकेबाज तान यायची, आणि एवढ्या धावपळीतही प्रत्येक सूर जागच्या जागी. एका वर्षी घरात लग्न निघालं. एका वर्षी सासूबाईंचं आजारपण. एका वर्षी मी पुण्यात होते, पण त्या ज्या दिवशी होत्या त्या दिवशी मिरजेला परतावं लागलं. पुढच्या वर्षी ऐकू म्हटलं. मग त्यांनी मैफली करणंच थांबवलं, आणि ६ सप्टेंबर २०२३ ला त्या हैदराबादला गेल्या. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढचा दुसरा रकाना कोरा आहे. तो कोराच राहणार.

त्यानंतर चार महिन्यांनी, ९ जानेवारी २०२४ ला, उस्ताद रशीद खान गेले. पंचावन्न वर्षांचे होते. चारच दिवसांनी, १३ तारखेला, प्रभाताई अत्रे गेल्या. सवाईचा समारोप कित्येक वर्षं त्यांच्या गाण्यानं व्हायचा. नव्वदीतही त्या त्या मंचावर येऊन बसल्या. त्याच वर्षी १५ डिसेंबरला तबल्याचे झाकीरभाई हुसेन गेल्याची बातमी आली तेव्हा महोत्सव तीन दिवसांवर होता, माझी पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. म्हणून आमच्याकडे आता ठरलेलं आहे: ज्याच्यापुढचा दुसरा रकाना कोरा, ते नाव वर. वय कितीही असो, तीस किंवा नव्वद.

‘आवाज राहिला नाही’ असं कोणी म्हणालं तर

दरवर्षी हे वाक्य येतंच. साधारण आतेभाऊ म्हणतो. ‘तीच तीच नावं किती वर्षं? आवाज राहिलेला नाही, नाव मोठं म्हणून लोक टाळ्या वाजवतात.’ आत्या म्हणते, ‘ज्येष्ठांना ऐकायचं नाही तर सवाईला जायचं कशाला?’ इथून पुढे एक तर रात्र फुकट जाते, नाही तर सगळ्यांना काहीतरी नवं कळतं. काय होणार ते पुढच्या प्रश्नांवर ठरतं.

पहिला प्रश्न: आवाजातलं काय राहिलं नाही? नेमकं सांग. मंद्र म्हणजे खालचं सप्तक, मध्य, की तार म्हणजे वरचं? दमसास? तानेची गती? की सूरच हलतो? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकाच वेळी जात नाहीत. वय झालं की आवाजाची वरची टोकं बहुतेकांची आधी झिजतात. श्वास तोकडा होतो, त्यामुळे लांब ‘आ’कार मधेच तोडावा लागतो. पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुराला सा धरतात ती, उतरते, पांढरी पाचमध्ये गाणारी बाई काळी तीनवर येते, मग पांढरी चारवर. याउलट मंद्रातला आवाज पुष्कळदा आणखी भरीव होतो. हे सगळं श्रोत्यांच्या कितीतरी आधी गाणाऱ्याला स्वतःला कळलेलं असतं. आणि जो खरा गवई असतो तो उरलेल्या आवाजात आपलं गाणं पुन्हा बांधतो.

दुसरा प्रश्न: तू शेवटचं रेकॉर्डिंग कुठलं ऐकलंस? आतेभावाच्या डोक्यात कुठलीतरी १९७८ ची कॅसेट असते आणि तो समोरच्या ऐंशी वर्षांच्या माणसात ती शोधत बसतो. यादीवर बोलायच्या आधी प्रत्येकानं त्या कलाकाराचं गेल्या दोन वर्षांतलं काहीतरी पूर्ण, निदान चाळीस मिनिटं, ऐकलेलं असलं पाहिजे. आता ते अवघड राहिलेलं नाही. ऐकलं नसेल तर त्या नावावर मत द्यायचं नाही.

कानाला सवय लावायची असेल तर एक अभ्यास सांगते. गंगूबाई हनगलांच्या अगदी सुरुवातीच्या, ७८ आरपीएमच्या तबकड्या ऐका. तेव्हा लेबलवर त्यांचं नाव ‘गांधारी’ असं, हुबळीची गांधारी. आवाज बारीक, उंच, मुलीचा. मग त्यांचा नंतरचा मारवा किंवा भैरव लावा. मधल्या काळात घशाचा विकार झाला, उपचार झाले, आणि आवाज जाड, जवळजवळ पुरुषी झाला. आपण ज्यांना गंगूबाई म्हणून ओळखतो त्या या दुसऱ्या आवाजाच्या. तो पहिला आवाज गेला तेव्हा कोणीतरी नक्की म्हणालं असणार, आता संपलं. कुमारजींचंही तसंच. क्षयानं फुप्फुस निकामी झालं, देवासला वर्षानुवर्षं अंथरुणावर काढली, आणि उठले ते छोट्या छोट्या, अचानक उजळणाऱ्या स्वरवाक्यांचं गाणं घेऊन. (वहिनी उठून गेली ती याच मुद्द्यावर. तिचं म्हणणं, त्यांच्या गाण्याचं कारण फुप्फुसात शोधणं हा त्यांचा अपमान आहे. त्यात तथ्य आहे. त्या बुद्धीला दोन फुप्फुसं मिळाली असती तरी ती काहीतरी नवंच करणार होती.)

तिसरा प्रश्न जरा जाणकारीचा आहे, पण तो शिकून घ्याच: त्यांनी कुठला राग निवडला? यातून खूप कळतं. काही राग असे आहेत की स्वर तेच, पण वस्ती वेगवेगळी. पूरिया आणि सोहनी बघा. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य म्हणजे घ्यायचाच नाही, दोघांचंही तेच. पण पूरिया मंद्र आणि मध्य सप्तकात रमतो, सोहनी तार षड्जाभोवती घिरट्या घालते. दरबारी खाली, जड, आंदोलनं घेत चालतो. त्याचाच भाऊबंद अडाणा वर उसळतो. भूपाचा जीव पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात, देसकाराचा उत्तरांगात, वरच्या अर्ध्यात. ऐंशीच्या घरातला गायक पूरिया घेऊन बसला तर त्यानं आपल्या आवाजाकडे नीट बघितलेलं आहे. त्याच्याकडे अडाण्याची फर्माईश करणारा श्रोता मात्र त्याला अडचणीत टाकतो. म्हणून तिसरा रकाना भरताना नावाशेजारी आपला लाडका राग लिहू नका. त्या माणसाच्या आजच्या आवाजाला शोभेल तो लिहा. आत्या म्हणते तसं, पाहुण्याला त्याच्या दातांना झेपेल ते वाढावं.

हे मला कधी कळलं ते सांगते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक ज्येष्ठ गायक, ऐंशीच्या पुढचे. संध्याकाळ उतरत होती, मंडपाच्या कडेनं उजेड पिवळा झाला होता. दोन तंबोरे, पंचमाची तार निषादात मिळवलेली, त्यावरून कळलंच की पंचम नसलेलं काहीतरी येणार. मारवा निघाला. त्यांचा डावा हात मांडीवर घट्ट रोवलेला, उजवा हवेत अगदी सावकाश, जणू पाण्यातून फिरतोय. ऋषभ आणि धैवत, ऋषभ आणि धैवत. मारव्यात षड्ज दडवूनच ठेवायचा असतो, तो मिळत नाही म्हणून जीव कासावीस होतो, तेच त्या रागाचं रूप. तासाभरात ते वर गेले, तार सप्तकाच्या दाराशी. निषादावर थांबले, पुन्हा धैवतावर आले, पुन्हा निषाद. वरचा षड्ज आला नाही. मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येनं तो अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असा लावला, आणि ते तिच्या सुराखाली धैवतावरच राहिले. मान खाली. तबलजींनी ठेक्यात एक बोलही जास्त वाजवला नाही. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझं मनगट धरलं होतं, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

परतताना रिक्षात आतेभाऊ म्हणाला, ‘पोचले नाहीत.’

आत्या म्हणाली, ‘अरे, त्यांना तिथे पोचायचंच नव्हतं. म्हणून तर मारवा घेतला.’

पुढे स्वारगेट येईपर्यंत कोणी बोललं नाही. मग आतेभाऊ म्हणाला की द्रुतातल्या ताना तुटत होत्या, दोन वेळा सम तबल्यानं सावरली. तेही खरं होतं, आणि आत्यानं ते मान्य केलं. मला हे फार आवडलं. आदर राखायचा म्हणून कानांना खोटं बोलायला लावू नये. जे ऐकू आलं ते सगळं सांगावं, सुंदर तेही आणि तुटलं तेही.

म्हणूनच काही नावं मी खोडतेसुद्धा. माझी कसोटी एकच: तंबोऱ्याचं भान. ताना गेल्या चालतात, तार सप्तक गेलं चालतं, शब्द विसरले तरी चालतं. पण गाणाऱ्याचा सूर तंबोऱ्यापासून सुटत चालला आणि त्याला ते कळेनासं झालं, की त्या माणसाला दहा हजार लोकांपुढे बसवू नये, असं मला वाटतं. ते त्यांच्यावर अन्याय करणारं असतं. अशी नावं मी वहीच्या मागच्या पानावर नेते. तिथे शीर्षक आहे ‘बोलताना ऐकायचे’. महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ होतात. एकात संगीतावरचे माहितीपट दाखवतात, दुसऱ्यात कलाकारांच्या मुलाखती. साठ-सत्तर वर्षं ज्यानं गुरूकडे पाणी भरलं, रियाज केला, त्याच्या तोंडून गुरूची एक आठवण, एखाद्या बंदिशीची मोडलेली ओळ दाखवणं, हे मैफलीइतकंच मोलाचं असतं. या सकाळच्या कार्यक्रमांना लोक जात नाहीत, संध्याकाळसाठी झोप काढतात. जात जा.

वादकांबद्दल थोडक्यात. तिथे वय बोटांत आणि मनगटात दिसतं, बासरीत दमात. ‘झाला’ म्हणजे शेवटचं जलद वादन, त्याचा वेग मोजू नका, आलाप ऐका. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, किती शांतपणे पूर्ण होते ते बघा. अनेक ज्येष्ठ वादक आता शिष्याला शेजारी घेऊन बसतात. त्यांच्यातली देवाणघेवाण हीच मैफल समजून ऐकली तर निराशा होत नाही.

सईचा मुद्दा

सई गाणं शिकते. तिचं म्हणणं, तुम्ही सगळे शेवटच्या कलाकारासाठी येता. दुपारी पहिल्यांदा जो पोरगा किंवा पोरगी बसते तिच्यासमोर निम्मं मैदान रिकामं असतं. तिचं बरोबर आहे, आणि मला त्याची लाज वाटली होती. दिवसाला चार-पाच कलाकार असतात, सुरुवात तरुणांनी आणि शेवट ज्येष्ठांनी अशी साधारण रीत. त्यामुळे दोन वर्षांपासून आम्ही जोड्या लावतो. एक ज्येष्ठ लिहिला की त्याच पानावर पस्तिशीच्या आतलं एक नाव लिहायचंच, आणि त्याचं गाणंही तितकंच नीट ऐकून यायचं.

तरुण नावं सुचत नसतील तर सोपा उपाय आहे. ज्येष्ठ गात असताना मागे तंबोऱ्यावर कोण आहे ते बघा. गुरू हात किंचित मागे करतो आणि ती मुलगी तालाची दोन आवर्तनं गाऊन पुन्हा गप्प होते, ती दोन आवर्तनं कान देऊन ऐका. मंचावर नावं सांगतात तेव्हा तंबोऱ्यावरच्यांचीही सांगतात. वहीत टिपून ठेवा. माझ्या वहीत २०१० च्या आसपास अशी टिपलेली दोन नावं पुढे स्वतःच्या नावानं मंचावर बसली, तेव्हा मला घरातलं कोणी बसल्यासारखं वाटलं.

वेळ आणि वर्ष

चौथा रकाना लोक विसरतात. पूर्वी उत्सव रात्रभर चालायचा, त्यामुळे मध्यरात्रीचा मालकंस, पहाटेचा ललित, मग तोडी, भैरव, असं सगळं घड्याळ पूर्ण व्हायचं. ध्वनिक्षेपकाचे नियम आल्यापासून रात्री दहाला थांबावं लागतं. एखाद्या दिवशी बारापर्यंतची परवानगी मिळते. त्यामुळे यादीत कुणापुढे तोडी लिहिलीत तर ती मिळणार नाही. दुपारसाठी मुलतानी, भीमपलास, पटदीप लिहा. दिवेलागणीला मारवा, पूरिया, श्री. नंतर यमन, शुद्ध कल्याण, मारुबिहाग. बागेश्री, मालकंस, दरबारी हवे असतील तर दिवसाचा शेवटचाच कलाकार धरा. तोडी ऐकायची असेल तर दिवाळी पहाटेला जा, किंवा कुणाच्या घरी सकाळची बैठक करा. आम्ही मिरजेत करतो, पंचवीस माणसं आणि पोहे.

दुसरं, डिसेंबर-जानेवारीत सगळा देश गात असतो. ग्वाल्हेरला तानसेन समारोह डिसेंबरातच, चेन्नईला मार्गळीचा मोसम, १ जानेवारीपासून अहमदाबादला ‘सप्तक’ महोत्सव, जानेवारीच्या शेवटाकडे कोलकात्यात डोव्हर लेनची परिषद. मोठ्या कलाकारांच्या तारखा यातच अडकलेल्या असतात. त्यात पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाचा प्रवास, थंडी, तब्येत. २०१४ ला तर ऐन डिसेंबरात पाऊस आला आणि महोत्सव जानेवारीत ढकलावा लागला होता. तेव्हा यंदा अमुक का नाही, असा आरडाओरडा करण्याआधी एवढं मनात आणावं.

आणि यादी झाली की आयोजकांना कळवा. मी पोस्टकार्ड टाकते. पन्नास पैशांचं कार्ड आहे, आणि जागा कमी असल्यामुळे मुद्द्याचंच लिहावं लागतं. वीस नावं पाठवू नका. तीन पाठवा: एक ज्येष्ठ, एक तरुण, एक वादक. प्रत्येकापुढे एक ओळ, पाचव्या रकान्यातली. ‘यांना अजून का बोलावलं नाही’ असं विचारू नका. ‘यांना यासाठी ऐकायचं आहे’ असं लिहा. खाली नाव, गाव, आणि किती वर्षं येता ते. गेल्या वर्षी आत्याचा हात थरथरत होता म्हणून तिच्या सांगण्यावरून मी लिहिलं. सही मात्र तिनं स्वतः केली, त्याला पाच मिनिटं लागली.

मंडपात

तिकिटाचं आधी बघा. ज्येष्ठ गायकासाठी येत असाल तर भारतीय बैठकच घ्या, आणि जमेल तितकं पुढे, मधोमध बसा. मोठ्या कर्ण्यांच्या अगदी समोर बसलं की सगळं सारखंच मोठं ऐकू येतं आणि थकलेल्या आवाजातली बारीक कामं त्यात बुडतात. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, पण मागच्या बाजूची नको. आत्यासाठी आम्ही खुर्ची घेतो आणि आळीपाळीनं एकेक जण तिच्याजवळ बसतो. शाल, पाण्याची बाटली, आणि खाली घालायला स्वतःची जाड चादर. मुकुंदनगरच्या मैदानावर अंधार पडला की गारठा जमिनीतून वर येतो.

तंबोरे लागत असताना बोलू नका. ज्येष्ठ कलाकार त्यात दहा-दहा मिनिटं घालवतात आणि लोकांना वाटतं अजून सुरू व्हायचंय. माझ्या गावात तंबोरे बनतात. लहानपणी सतारमेकर गल्लीतून शाळेत जाताना मी भोपळे वाळत घातलेले बघायची, जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढताना कारागीर घोडीवर कानस मारतो आणि तार छेडून ऐकतो, पुन्हा मारतो, पुन्हा ऐकतो, ते बघत उभी राहायची. त्यामुळे मला तरी ती दहा मिनिटं गाण्यातच धरावीशी वाटतात. त्या वेळात कलाकाराचा चेहरा बघा. मग त्यांचा पहिला षड्ज ऐका, डोळे मिटून. वय झालेल्या गायकाबद्दल जे काही जाणून घ्यायचं ते पुष्कळसं त्या एका सुरात असतं.

मधेच उठायचं असेल तर ख्याल संपल्यावर उठा. फर्माईश ओरडू नका. म्हाताऱ्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. खाण्याच्या ठिकाणी गर्दी होते म्हणून लोक विलंबित संपतासंपता पळतात. त्यापेक्षा घरून पोळीभाजीची गुंडाळी आणा. फोनवर चित्रीकरण करू नका. तुमच्या मागे बसलेल्याला एवढासा पडदा दिसतो आणि त्याच्या वर, लांब, एक पांढरं डोकं. आणि रात्री घरी गेल्यावर, कितीही उशीर झाला तरी, वहीत दुसऱ्या रकान्यात साल लिहा.

शेवटच्या दिवशी एक पाळा. शेवटचा कलाकार झाला, टाळ्या झाल्या, की लोक चपला शोधायला उठतात, गाडी काढायला धावतात. तुम्ही थांबा. त्यानंतर मंडपात सवाई गंधर्वांच्या आवाजातली ध्वनिमुद्रित भैरवी लावतात, ‘बिन देखे पडे नही चैन’. जुन्या तबकडीची खरखर, तीन-चार मिनिटं, मंच रिकामा. आत्या त्या वेळी खुर्चीतून उठून उभी राहते. गेल्या वर्षी तिला उठायला मदत लागली, एका बाजूनं सई आणि एका बाजूनं आतेभाऊ. भैरवी संपेपर्यंत तिघंही तसेच उभे होते, आणि मी त्यांच्या मागे तिची शाल धरून.